आमची वाटचाल : खाचेतलं पाणी

रबाळे एमआयडीसीत 2009 साली एक सेकंडहँड एचएमटी लेथ आणि एक मेस्त्री, तेच भागीदार, एवढ्यावर सुरुवात केली. पुढची सहा वर्षं पंपांचे शाफ्ट आणि थकलेली बिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2015 मध्ये लाटांपासून वीज करू पाहणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. बोयाखाली, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या पिंपाखाली बसणारी बारा वॉटरटाइट हाउसिंगं (पाणी न शिरणारे डबे), आत इलेक्ट्रॉनिक्स. ड्रॉइंगवर मटेरियल 316एल, म्हणजे नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस स्टील. मेस्त्री म्हणाले, "मालक, हे कायम समुद्रात बुडून राहणार. निदान ड्युप्लेक्स तरी घ्यायला सांगा." ड्युप्लेक्स म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस. मी तसं मेलवर कळवलं. उत्तर आलं, प्रोटोटाइप आहे, बजेट नाही. मी गप्प बसलो. ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, बाराच्या बारा पास. वीस मीटर खोलीवर पाण्याचा दाब जेमतेम 2 बार, आम्ही 6 बारला अर्धा तास धरलं, गेजचा काटा हलला नाही. चार महिन्यांनी तीन नग पाण्याने भरून परत आले. बाहेरचं पॉलिश आरशासारखं, आणि ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. मेस्त्रींनी एकात टाचणी घातली, ती निम्मी आत गेली. खाचेत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठत जातं, स्टेनलेसचा संरक्षक पापुद्रा तिथेच तुटतो. दाबाची टेस्ट हे पकडत नाही, कारण हा दाबाचा नाही, वेळेचा प्रश्न आहे.

कंपनीने सगळंच पेमेंट अडवलं. साडेअकरा लाख. माझा मेल दाखवला, तर "वेंडरने आग्रह धरायला हवा होता" म्हणे! पुढची ऑर्डर शेजारच्या गल्लीतल्या एकाला गेली. ड्रॉइंग आमचंच, खाचेची त्रिज्यासुद्धा, फक्त मटेरियल सुपर ड्युप्लेक्स, दर दुप्पट. आता बजेट कुठून आलं, हे मी अजून विचारतो.

कर्जावरचं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, विकावं लागलं. वागळे इस्टेटमधले एक पंपवाले शेठ नसते, तर शटर कायमचं खाली गेलं असतं. त्यांना शाफ्टची गरज नव्हती, तरी चाळीस नगांचा ॲडव्हान्स दिला आणि म्हणाले, "सावकाश द्या."

तेव्हापासून कुठलंही नवं मटेरियल असलं, की मेस्त्री त्याचा तुकडा रबरी वॉशरखाली दाबून खाडीच्या पाण्याच्या कॅनमध्ये बुडवतात. पाणी ऐरोलीहून आणतो, तेही उन्हाळ्यात, पावसाळ्यात खारटपणा उतरतो. नव्या मुलांना सांगतो, बारा नग एकदम घेऊ नका. एक बुडवा, थांबा, मग पुढचे. आणि मटेरियलची सही ग्राहकाच्या लेटरहेडवर घ्या, मेलला कोणी विचारत नाही. स्कॉटलंडच्या पेलामिसने 2004 मध्ये लाटांवरची वीज ग्रिडला दिली, 2014 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. या धंद्यात मोठेही बुडतात. पण बुडताना सुट्या भागांचं बिल कोणाचं थकतं, ते विचारून बघा.

शेजारच्या गल्लीतला तो आता हाउसिंगं हायड्रो टेस्टला आमच्याकडेच पाठवतो. त्याच्याकडून पैसे आगाऊ घेतो.