पऱ्हाटीवरची भाकर
यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, गंज्या घरामागे रचल्या जातात आणि पुढे कित्येक महिने त्यावरच स्वयंपाक होतो. अशाच एका घरी आम्ही आमची नवी चूल तपासण्यासाठी नेली होती. भारतीय मानक १३१५२ नुसार पंखा नसलेल्या सुट्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणाच्या उष्णतेतला भांड्यापर्यंत पोहोचणारा वाटा, किमान २५ टक्के असावी लागते, आणि प्रयोगशाळेतील पाणी उकळण्याच्या चाचणीत ती अट आमच्या चुलीने पूर्ण केली होती.

वाळक्या काडीच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो, आणि तो पूर्ण जळण्याआधीच थंड झाला तर त्याचा धूर होतो. म्हणून आम्ही जाळाची जागा अरुंद ठेवून तिच्याभोवती हलक्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा लावल्या होत्या. वरण लवकर शिजले. धूर जवळजवळ नव्हताच. मग त्या घरच्या काकूंनी ज्वारीची भाकर तव्यावर टाकली. जाळ एकाच जागी लागत असल्याने ती मधोमध करपली आणि कडेने कच्ची राहिली.

‘‘भाऊ, वरण तं लवकर शिजलं, पण भाकर कशी शेकाची? समोर इस्तोच नाही,’’ काकू म्हणाल्या.

तव्यावरून उतरवलेली भाकर चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवली जाते. आमच्या चुलीत थोडेफार निखारे उरत ते आत खोलवर, हाताबाहेर. शिवाय पऱ्हाटी भराभर जळते, आणि पिठाने भरलेल्या हातांनी ती सारखी सारायची तरी कशी? ज्या चुलीवर भाकर होत नाही, तिच्या शेजारी जुनी चूल दोन्ही वेळा पेटतच राहते. सूक्ष्म धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि अशा घरात ती गाठणे जवळजवळ अशक्य आहे.

त्याच अंगणात बसून आम्ही नवा आराखडा काढला: तव्याखाली जाळ पसरवणारी लोखंडी चकती, काड्यांची मोळी एकदम सारता येईल असे रुंद तोंड आणि निखारे पुढे ओढण्यासाठी जाळीचा ओटा. रुंद तोंडातून जास्तीची थंड हवा आत शिरते, तर बाहेर ओढलेले निखारे धुमसत कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्यामुळे ओटा लहानच ठेवणे भाग होते. कार्यक्षमता थोडी घटेल, हे मी जाणूनबुजून स्वीकारले. पुढची चाचणी पाण्यावर न घेता एक किलो पिठाच्या भाकरींना किती पऱ्हाटी लागते याच्या वजनावर घ्यायची, आणि भाकरी काकूंनीच थापायच्या, असे ठरले.