मान टाकलेले अंजीर

परसातल्या अंजिराला यंदा चांगला बहर आला, असं म्हणायची सोय नाही, कारण बहर कुणाला दिसलाच नाही. अंजीर पडला उंबराचा भाऊ. याचंही फूल फळाच्या पोटातच. एक दिवस पानाच्या बेचक्यात हिरवा मणी दिसला, मग दुसरा, आणि मोजता मोजता चाळीस झाले. त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं की यंदा आपल्या झाडाच्या अंजिरांचा केक.

हे फळ वाढतं मोठ्या लहरीपणाने. आधी भराभर फुगतं, मग कित्येक आठवडे रुसल्यासारखं आहे तेवढंच राहतं. शेवटच्या काही दिवसांत मात्र एकदम मोठं होतं, रंग धरतं, मऊ पडतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा ते रुसलेले आठवडे बघून वाटलं, झाली वाढ पूर्ण, आता पाखरांच्या आधी आपणच काढावेत. डब्यात ठेवले की पिकतील, केळी नाही का पिकत!

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. टोपली बघून म्हणाल्या, "अगं, यांनी अजून मान कुठे टाकलीये?"

"पिकतील हो आई, चार दिवसांत."

नाही पिकले. कच्चा तोडलेला अंजीर ठेवून ठेवून फार तर मऊ होतो, गोड होत नाही. चार दिवसांनी डब्यात सुरकुतलेले, रबरासारखे गोळे होते. शिवाय देठ तोडताना गळलेला पांढरा चीक मी उघड्या हातांवर घेतला होता आणि तशीच उन्हात फिरले होते. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टे उठले, पुढे ते काळे पडले आणि जायला महिना लागला. चिकातली काही द्रव्यं ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी करतात. आता मी लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालते, सकाळी ऊन चढायच्या आत तोडणी उरकते आणि आत आल्या आल्या हात साबणाने धुते.

पण हट्ट! ते गोळे मिक्सरमधून काढले आणि मिश्रण सैल व्हावं म्हणून त्यात कोमट दूध ओतलं. अंडी फेसून होईपर्यंत भांड्यात गुठळ्या आणि पाणी वेगवेगळं झालेलं. चव कडसर. अंजिराच्या चिकात दूध फाडणारं एक एन्झाइम असतं. चीज करायला तो चीक फार पूर्वीपासून वापरतात. फळ जितकं कच्चं, तितका चीक जास्त. म्हणजे केक बिघडवायची सगळी तयारी मी झाडाखालीच करून आले होते. फळ आधी शिजवलं असतं तर निदान दूध वाचलं असतं, कारण उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

मग मात्र सासूबाईंना घेऊनच झाडाखाली गेले. कच्चा अंजीर फांदीपासून ताठ उभा असतो. पिकला की देठाजवळची मान वाकते आणि फळ खाली लोंबतं. सालीवर बारीक चिरा पडतात, बुडाचा डोळा जरा सैलावतो, कधी त्यात मधासारखा एक थेंब चमकतो. हाताच्या ओंजळीत धरून नुसता वर उचलला की देठापासून सुटतो आणि चीक जवळजवळ येतच नाही. ओढावं लागलं तर तो तयार नाही. तो चमकता थेंब आपल्याआधी मुंग्यांना कळतो, म्हणून रोज सकाळी फेरी मारायची. पाखरांसाठी जाळीच्या कापडाच्या लहान पिशव्या शिवून एकेका फळाला बांधल्या. शेंड्याच्या फांद्यांवरची फळं त्यांचीच, तो वाद मी सोडून दिला.

दुसऱ्या केकची फळं बिनचूक पिकलेली होती, फक्त आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाणी पिऊन निम्मे अंजीर उकलले. मी हसत हसत त्यांच्या फोडी केल्या, वरून मैदा भुरभुरला (असं केलं की फोडी बुडत नाहीत म्हणे) आणि मिश्रणात ढवळल्या. त्या बुडाल्याच. वरून सोनेरी, मधे खीर, तळाला चिखल. ताज्या अंजिरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पावसानंतर तर विचारायलाच नको. घरच्यांनी कडा कापून खाल्ल्या. मधला भाग चमच्याने मी एकटीने संपवला.

तिसऱ्या वेळी तीन कोरडे दिवस जाऊ दिले. बारा अंजीर उभे अर्धे कापले, कापलेली बाजू वर ठेवून २०० अंशांवर वीस मिनिटं भाजले. कडा गडद झाल्या, सुटलेला रस ट्रेमध्ये पाकासारखा चिकट झाला. १२० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम साखर फेसली (आधी १५० घेत होते, पिकल्या फळाला इतकी लागत नाही), २ अंडी एकेक करून घातली, मग १६० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि पाव कप दूध. मिश्रण चमच्यावरून सावकाश पडेल इतकं घट्ट हवं. २० सेंटिमीटरच्या भांड्यात ओतलं आणि गार झालेल्या फोडी वर नुसत्या मांडल्या, दाबल्या नाहीत. १८० अंशांवर पंचेचाळीस मिनिटं.

पस्तिसाव्या मिनिटाला टूथपिक घातली तर चिकट निघाली. पोटात गोळाच आला. पाच मिनिटांनी पुन्हा घातली, पुन्हा तेच. मग लक्षात आलं की मी दोन्ही वेळा अंजिरातच टोचत होते. अंजीर चिकटच असणार! दोन फोडींच्या मधे टोचल्यावर काडी कोरडी आली. ट्रेमधला पाक गरम केकवर ब्रशने फिरवला. कापल्यावर चाकूला बियांची बारीक करकर लागली, आणि आत कुठेही खीर नव्हती.

सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि खाता खाता खिडकीतून झाडाकडे बघत म्हणाल्या, "उद्या सातआठ तरी काढावे लागतील."

उद्याचे नऊ निघाले. पिकलेला अंजीर फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि रोज केक कोण खाणार? म्हणून आता अर्धे कापून ताटात सुटे सुटे गोठवते आणि मग पिशवीत भरते. गोठवलेल्या फोडी वितळू न देता सरळ भाजायला ठेवता येतात, फक्त पाणी आटायला पाचसात मिनिटं जास्त लागतात. फ्रीझरमध्ये दोन पिशव्या झाल्या आहेत, आणि झाडावर अजून सहा जण ताठ मानेने उभे आहेत.