प्लीहा नसलेल्या माणसाचा ताप

आमच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या मॅकॉन्की प्लेटवर क्लेबसिएला नावाचा जिवाणू उगवला की लांबूनच कळतं. गुलाबी, फुगीर, बुळबुळीत वसाहती, एकमेकींत ओघळलेल्या. कधी कधी लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, वसाहत उचलताना पाकासारखी तार निघते. ती 5 मिलिमीटरपेक्षा लांब ताणली गेली तर मी लेखी रिपोर्टची वाट न बघता वॉर्डात फोन करते. असा क्लेबसिएला धडधाकट माणसाच्या यकृतातही गळू करतो.

हा बुळबुळीतपणा मुख्यतः कॅप्सूलचा. जिवाणूच्या अंगाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा थर असतो, तो. गंमत म्हणजे हा थर विषारी नाही. लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने 1928 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपण डीएनएच्या धड्यात शिकतो, पण मला त्यातला सुरुवातीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कॅप्सूल असलेल्या न्यूमोकॉकसने, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूने, उंदीर मरत, कॅप्सूल गमावलेल्याने मरत नसत.

कारण सगळा खेळ पकडीचा आहे. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं जिवाणूला चिकटतात आणि पांढऱ्या पेशी त्या प्रथिनांना धरून त्याला गिळतात. कॅप्सूल असेल तर प्रथिनं कमी चिकटतात, आणि जी चिकटतात ती थराखाली दडतात. पेशीचा हात तिथवर पोचतच नाही. कॅप्सूलविरुद्ध अँटिबॉडी असल्या तरच पकड बसते.

अँटिबॉडी नसतील तेव्हा रक्तातून असे जिवाणू गाळून काढायचं काम मोठ्या प्रमाणात प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेली पाणथरी, करते. म्हणून ज्यांची प्लीहा काढली आहे त्यांची मला फार काळजी वाटते. मोटारसायकलच्या अपघातात प्लीहा फुटते, सर्जन जीव वाचवतात, पोरगा घरी जातो. काही वर्षांनी ताप येतो, घरचे म्हणतात व्हायरल असेल. आमच्याकडे अशाच एकाचं ब्लड कल्चर, म्हणजे जिवाणू वाढतात का ते बघायला रक्त, आलं होतं. मशीनने रात्रीतच पॉझिटिव्ह दाखवलं, स्लाइडवर जोडी-जोडीने न्यूमोकॉकस. मी फोन केला तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता. तो वाचला नाही. लस घेतल्याची नोंद त्याच्या कागदांत कुठेच नव्हती.

आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांतल्या काहींची प्लीहा जागेवर असूनही हळूहळू निकामी होते, त्यांनाही हाच धोका.

लस मात्र याच कॅप्सूलपासून बनते. अडचण एवढीच होती की दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेला नीट दाद देत नाही. म्हणून ती साखर एखाद्या प्रथिनाला जोडतात. पेंटाव्हॅलंट या बाळांच्या एकत्रित लसीतली हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी या जिवाणूविरुद्धची) लस अशीच आहे आणि पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकसची लससुद्धा. सरकारी वेळापत्रकात पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी फुकट मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच पद्धतीने मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या ए गटाविरुद्ध केलेली लस 2010 पासून आफ्रिकेत दिली गेली आणि तिथला तो गट जवळपास दिसेनासा झाला.

प्लीहा काढायची शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर न्यूमोकॉकस, हिब आणि मेनिंगोकॉकसच्या लसी निदान दोन आठवडे आधी घ्यायच्या. तातडीने काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी. डिस्चार्ज कार्डवर लसींचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि लसी घेतल्या असल्या तरी, थंडी वाजून ताप आला की सकाळ उजाडायची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा आणि पहिलं वाक्य हेच सांगा, की प्लीहा काढलेली आहे.