पेटीची पावसाळी नाटकं

पाऊस लागला की आमची बाजाची पेटी (हार्मोनियम) रुसते. आज पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, दाबली ती वर यायचं नावच घेईना. दमट हवेने लाकूड फुगतं, दुसरं काय! झाकण काढलं, पट्टी शेजारणीला घासत होती तिथे हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवला. सूर मोकळा.

पांढरी एकला सा धरला की ही चौथी पट्टी म्हणजे माझा मध्यम, सरगमातला 'म'. आणि एवढं करून संध्याकाळी वाजवलं काय, तर भूप राग! आई आतून म्हणाली, "अरे, त्यात मध्यम वर्ज्य ना?"

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. मींड निघत नाही हे खरंच. पण भजनाला बसा बघू तिच्याशिवाय!

उद्या देस राग. त्यात मध्यम भरपूर.