शब्दाला दीड रुपया : आमची वाटचाल

आमच्या फर्मचं पहिलं बिल २,८५० रुपयांचं होतं. शब्द १,९००, दर शब्दाला दीड रुपया. त्या बिलाची कार्बन कॉपी मी अजून जपून ठेवली आहे. पैसे हातात पडायला सात महिने लागले आणि तेवढ्या काळात मी तीन ठिकाणी नोकरीचे अर्ज टाकून मोकळी झाले होते.

काय काम करता, असं कोणी विचारलं की नातेवाइकांना मी ‘औषधवाल्यांची भाषांतरं’ एवढंच सांगते. जरा नीट सांगायचं तर असं. नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी असते, नाहीतर गावात घरोघरी आरोग्याची पाहणी चालू असते. तेव्हा माणसापुढे काही कागद ठेवले जातात : माहितीपत्रक, संमतिपत्र, रोज भरायची डायरी, प्रश्नावली. ते आम्ही मराठीत आणतो, आणि मग ज्याच्यापुढे ते ठेवायचे त्याच्यासारख्याच माणसाकडे जाऊन त्याला ते कळतात का, हे बघतो. पहिल्या कामाचे पैसे मिळतात. दुसऱ्याचे मागावे लागतात.

मी मूळची मायक्रोबायॉलॉजीची. २००५ साली औषधांच्या चाचण्यांचे नियम, म्हणजे शेड्यूल वाय, बदललं, परदेशात चाचणी ज्या टप्प्यावर असेल त्याच टप्प्यावर ती इथेही घ्यायला वाट मोकळी झाली आणि पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये एकदम ‘कोऑर्डिनेटर’ नावाची नोकरी निघाली. अशाच एका हॉस्पिटलात मी लागले. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, पेशंटला तारखेची आठवण करायची, रिक्षाचं भाडं देऊन सही घ्यायची आणि संमतिपत्र समजावून सांगायचं. संमतिपत्रं परगावच्या एजन्सीकडून मराठी होऊन यायची. ‘या अभ्यासाला दोन हात आहेत’, ‘आपण या अभ्यासाचे विषय आहात’ अशी वाक्यं मी पेशंटसमोर गंभीर चेहऱ्याने वाचलेली आहेत.

एक आजोबा होते. मधुमेह जुना, डोळ्यांवर थोडा परिणाम झालेला. तिसऱ्या पानावर ‘हा अभ्यास दुहेरी अंध आहे’ असं छापलं होतं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, “बाई, दोन्ही डोळे जाणार का यात?”

मी पेनाने ते वाक्य खोडलं आणि वर नीट मराठीत लिहिलं. संध्याकाळी डॉक्टरांची बोलणी खाल्ली. ते बरोबरच होते. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या कागदात कोऑर्डिनेटरने एक काना-मात्राही बदलायची नसते. पण घरी येऊन मी एका वहीत ते वाक्य लिहून ठेवलं : ‘तुम्हाला कोणती गोळी मिळते आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. तशी गरज पडली तर ते लगेच शोधून काढता येतं.’ तीच वही आमच्या फर्मचं भांडवल. दुसरं नव्हतंच.

२०११ च्या जूनमध्ये शॉप अ‍ॅक्टचं लायसन काढलं. कर्वेनगरात पिठाच्या गिरणीवरची खोली मिळाली. संध्याकाळी सहाला गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, मग आम्ही चहाला उतरायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणते. सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं ते ‘रँडमायझेशन’वरून, म्हणजे कोणत्या पेशंटला कोणतं औषध हे कोणीही न निवडता ठरवणं. वहिनींनी कोशातून ‘यादृच्छिकीकरण’ काढलं. मी म्हटलं, वहिनी, हा शब्द माझ्या सासूबाईंना वाचायला द्या. त्या म्हणाल्या, त्या माझ्याही सासूबाई आहेत. दिला. सासूबाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “काहीतरी शस्त्रक्रियेचं दिसतंय.”

इथे या धंद्यातली एक गंमत सांगितली पाहिजे, कारण पुढची चौदा वर्षं आम्ही तिच्याशीच झगडतो आहोत. आमच्याकडे भाषांतर तपासायची रीत अशी : दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, दोन्ही समोर ठेवून एक करायचं, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने ते उलट इंग्रजीत न्यायचं. हे उलट भाषांतर पाहून कंपनीवाले मराठीची परीक्षा करतात, कारण त्यांना मराठी येत नसतं. आता ‘यादृच्छिकीकरण’ लिहिलं की तिसरा माणूस डोळे मिटून ‘रँडमायझेशन’ लिहितो. कंपनी खूश, पेशंट कोरडा. आणि ‘चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरेल, कोणाची निवड चालणार नाही’ असं लिहिलं, तर उलट येताना त्याची लॉटरी होते आणि रात्री नऊला फोन येतो : आमच्या संशोधनाला लॉटरी म्हणता? म्हणजे मराठी जितकी वाईट, तितकी ती परीक्षेत चांगली उतरते. यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. अशा प्रत्येक शब्दाला एक टिपण जोडायचं, की हा शब्द का घेतला आणि तो कोणाला विचारून घेतला. सुरुवातीला ही टिपणं कोणी वाचत नसे. आता काही जण तीच आधी मागतात.

बऱ्यापैकी बस्तान बसतंय असं वाटत असतानाच २०१३ आलं. चाचण्यांमध्ये गरिबांची फसवणूक होते, ही याचिका सुप्रीम कोर्टात होती. जानेवारीअखेर नुकसानभरपाईचे नवे नियम आले, मंजुऱ्या अडल्या, कोर्टाने १६२ चाचण्या रोखून धरल्या. आमच्याकडे तेव्हा तीन पगारी माणसं होती. एफडी मोडून पगार केले. तरीही तो दणका बसायला हवा होता असंच माझं मत आहे. घाईघाईत घेतलेल्या सह्या मी कोऑर्डिनेटरच्या खुर्चीतून पाहिल्या आहेत.

त्या नियमांनी संमतिपत्रात नवे रकाने आले : शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी. चाचणीमुळे मृत्यू झालाच तर भरपाई कोणाला द्यायची, म्हणून नॉमिनी. कागदावर योग्यच. पण बँकेच्या पासबुकात नॉमिनी लिहिणं निराळं आणि हॉस्पिटलात लिहिणं निराळं. साताऱ्याकडच्या एक मावशी पेन खाली ठेवून म्हणाल्या, “हे आधी लिहून घेताय म्हणजे तुम्हाला ठाऊकच दिसतंय.” तेव्हापासून त्या रकान्याआधी आम्ही दोन ओळी सुचवतो, हे नाव सगळ्यांकडूनच घेतात आणि का घेतात. कंपनी कधी ठेवते, कधी उडवते.

मग त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला आदेश निघाला, की संमती घेताना तिचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं. (पुढे २०१५ मध्ये ते अगदी नव्या औषधांच्या चाचण्यांतल्या दुर्बल घटकांपुरतं राहिलं.) सगळीकडे कॅमेऱ्यांची खरेदी चालली होती. आमच्या मात्र निराळंच लक्षात आलं. चाचणीच्या एका सेंटरवर बसून मी पाहत होते. आजींनी डोक्यावरून पदर घेतला, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि सिस्टर सतरा पानं वाचू लागल्या. चौथ्या ओळीला सिस्टरना धाप लागली. आमचंच भाषांतर होतं ते! डोळ्यांनी वाचताना ठीक वाटणारं वाक्य तोंडाने म्हणताना क्रियापदापर्यंत पोचतच नव्हतं. आजी मान हलवत होत्या, पण ती कीर्तनात हलवतात तशी.

परत आल्यावर वहिनींनी नियम घातला, एका श्वासात न मावणारं वाक्य बाहेर जाणार नाही. त्या स्वतः उभ्या राहून सगळा कागद मोठ्याने वाचतात, शाळेत धडा वाचायच्या तसा. अडखळल्या की वाक्य तोडायचं. या एका सवयीने आम्हाला जेवढी कामं दिली तेवढी कुठल्याच ईमेलने दिली नाहीत. सेंटरवरच्या सिस्टर आणि कोऑर्डिनेटर मुलीच पुढच्या चाचणीच्या वेळी आमचं नाव सांगायला लागल्या.

प्रश्नावल्यांचं काम २०१४ नंतर वाढलं. दुखणं किती, झोप कशी, चालता किती येतं, हे पेशंटच्याच तोंडून घ्यायचं असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत मध्यम श्रमांची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ दिलेलं आहे. बारामतीच्या शेतकऱ्याला गोल्फ खेळताना धाप लागते का, हे विचारायचं नसतं, हे कंपनीला पटतं. पण मग काय विचारायचं? कळशी उचलणं म्हणावं तर पुरुष म्हणतात ते काम आमचं नाही. वेदनेचंही तसंच. कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, आग, टोचणी. आपल्याकडे शब्दांची ददात नाही, पण कोणता शब्द कुठे चालतो ते बसून कळत नाही. पायाला बधिरपणा येतो का, असं आम्ही लिहिलं आणि सोलापूरकडच्या बाईंनी नाही म्हटलं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “पाय बहिरा होतो की रातच्याला.” म्हणून भाषांतर झालं की पाच ते आठ माणसांपुढे ते ठेवायचं आणि प्रत्येक प्रश्नाला ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना अजिबात जाणवू द्यायचं नाही.

हे सगळं ठाऊक असूनही २०१६ मध्ये आम्हीच माती खाल्ली. संधिवाताची डायरी होती. मुळात ‘मागच्या सात दिवसांत’ असा प्रश्न. आम्ही ‘गेल्या आठवड्यात’ केलं. छोटं, सुटसुटीत, उलट भाषांतरातही पास. वेळ कमी होता म्हणून ठेवलं ते पुण्यातल्याच चौघांपुढे, त्यातले दोघे आमच्या सोसायटीतले. दोन महिन्यांनी एका सेंटरवरच्या मुलीचा फोन आला. शनिवारी आलेला पेशंट म्हणत होता, “गेल्या आठवड्यात लई दुखत होतं, या आठवड्यात बरंय. कुठलं लिहू?” मराठीत गेला आठवडा म्हणजे मागचा सोमवार ते रविवार, आणि गावाकडे तर या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. तोवर त्या डायऱ्या भरल्या जात होत्या. दुरुस्ती, एथिक्स कमिटीकडे पुन्हा कागद, नवी छपाई. छपाईचा खर्च आम्ही उचलला, ते काम फुकट झालं आणि तो ग्राहक गेला. त्या मुलीने फोन केला नसता तर कोणाला कळलंही नसतं, हे जास्त लागलं. ती मुलगी आज आमच्याकडे आहे.

पैशांचं फार लिहीत नाही. जीएसटी आला, बिल काढल्यावर कर आधी भरायचा आणि पैसे नंतर यायची वाट बघायची, हे छोट्या फर्मवाल्यांना मी काय सांगू! छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी केली होती. एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) मुळे मोठ्या ग्राहकांना छोट्या फर्मचे पैसे ४५ दिवसांत द्यायची आठवण राहू लागली, हा खरा फायदा. २०२० मध्ये माणसांपुढे बसणं थांबलं. फोनवर करून पाहिलं, तर स्पीकर लावून आईच्या प्रश्नांची उत्तरं मुलगाच द्यायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत मशीनने केलेलं मराठी पाठवून ‘फक्त नजर टाका’ म्हणतात, दर निम्मा. मशीन वाईट नाही. मी हॉस्पिटलात पाहिलेल्या परगावच्या एजन्सीपेक्षा कितीतरी बरं. पण त्याने साताऱ्याच्या मावशींना पेन खाली ठेवताना पाहिलेलं नाही.

आमच्या मुलींना मी गडचिरोलीची गोष्ट सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. त्याआधी त्यांनी बाळाचे श्वास मोजायला वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन केलं होतं, मोजता न येणाऱ्या सुईणीलाही वापरता येईल असं. मिनिटाला किती श्वास, हा प्रश्न त्यांनी मण्यांत भाषांतरित केला, असं वहिनी म्हणतात. त्या बाबतीत वहिनी थोड्या भाबड्या आहेत, पण म्हणणं खोटं नाही.

सध्या टेबलावर सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं काम आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, आणि नंदुरबारसाठी एक माहितीपत्रक हवं आहे. ज्याला स्वतःला त्रास नाही पण मुलांत तो गुण जाऊ शकतो, त्याला सरकारी कागदात ‘वाहक’ म्हणतात. विदर्भात लोक अशा माणसाला सरळ ‘एएस’ आणि आजार असलेल्याला ‘एसएस’ म्हणतात, तिकडे प्रश्न नाही. धडगावला अकरावीतल्या एका मुलीला कागद वाचायला दिला. तिने नीट वाचला, पान उलटलं, परत मागे आली आणि म्हणाली, “वाहक म्हणजे एसटीतला ना? मग त्याच्याशी लग्न का नाही करायचं?”

हसून झाल्यावर आम्ही तिलाच विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात. तिने भिलीत एक वाक्य सांगितलं, ते आजीला विचारून बदललं, मग दोघींचं जुळेना. दोन्ही वाक्यं रेकॉर्ड करून आणली आहेत. येत्या मंगळवारी परत जायचं आहे, या वेळी आजीकडेच. कंपनीला कळवलं आहे की एक शब्द बाकी आहे.