फोमचे ब्रश : सहावा रविवार

मागच्या वेळी लिहिलं होतं की गाड्या धुणाऱ्या मशीनच्या डाव्या उभ्या ब्रशच्या फोमच्या पट्ट्या गेल्या, नव्या मागवाव्या लागणार. शब्द मागे घेतो. पट्ट्या ठणठणीत आहेत, घाण मुळाशी होती.

नव्यांसाठी थोडक्यात: संगमनेरजवळ माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, वॉशिंग सेंटर आहे. गाडी जागेवर उभी आणि रुळांवरची कमान पुढे-मागे फिरते, त्या जातीचं मशीन. दोन उभे ब्रश, एक आडवा. माझी नोकरी भलतीच, पण रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ब्रश माझ्या ताब्यात असतात.

पहिलं काम नेहमीचंच. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दादा हसतो. हसू दे.

मग पट्ट्या एकेक करून बाजूला सारल्या. हा फोम पाणी पीत नाही, त्यामुळे टोकं कायम स्वच्छ दिसतात आणि आपण फसतो. पट्टी शाफ्टवरच्या खाचेत जिथे अडकते तिथे बोट घातलं तर काळी माती, शाम्पूचा चिकटा आणि वॅक्स यांचा खरवडीसारखा थर. अंगठ्याने उकरला तर नखाखाली कचकच. ती कचकच म्हणजे बारीक वाळू. ब्रश फिरला की ती पट्टीवरून टोकाकडे सरकते आणि बॉनेटवर गोल ओरखडे काढते.

पहिले तीन रविवार मी प्रेशर वॉशर समोरून, जोरात मारत होतो. शुद्ध गाढवपणा. झोताने पट्ट्या मिटतात आणि वाळू आणखी आत बसते. आता दाब कमी, झोत मुळाकडून टोकाकडे, आणि काम वरून खाली. त्याआधी गाडीचाच साधा शाम्पू कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं मुरू देतो, मग मऊ हातब्रश. रॉकेल-डिझेलचा सल्ला मिळाला होता, पण त्याने फोम फुगतो. नकोच.

पडताळा बादलीचा. एक पट्टी पांढऱ्या बादलीत खळबळायची आणि पाणी निवळू द्यायचं. पहिल्या रविवारी तळ दिसला नव्हता. या वेळी चमचाभर गाळ.

आडव्या ब्रशची गंमत वेगळी. गाडीवर किती टेकायचं हे आमचं मशीन मोटर किती करंट ओढते त्यावरून ठरवतं. चिखलाने जड झालेला ब्रश हवेत फिरतानाही जास्त करंट ओढतो. मशीनला वाटतं गाडी लागली, आणि ब्रश टपाच्या वरच तरंगत राहतो. दादा दोन महिने 'सेटिंग बिघडलंय' म्हणून मेकॅनिकला फोन करत होता. ब्रश धुतला, सेटिंग आपोआप सुधारलं!

नोझल बोअरच्या क्षाराने बुजले होते. रात्रभर लिंबूफुलाच्या पाण्यात ठेवले, सुटले.

भंगारातून आणलेलं काळं बॉनेट अजून चाचणीला वापरतोय. टॉर्च तिरका धरला की ओरखडे दिसतात. कमी झालेत, संपले नाहीत. माझा संशय आता ब्रशवर नाही, पहिल्या फवाऱ्यावर आहे. शेतरस्त्यावरून आलेली गाडी घाईत तशीच आत घेतली की ब्रशने तरी काय करावं? म्हणून पोऱ्याला सांगितलंय, चाकांच्या कमानी आणि गाडीची दाराखालची पट्टी आधी हाताने धुवायची. तो कंटाळतो, पण करतो.

उरलं उजव्या ब्रशचं लचकणं. मी दोन नव्या पट्ट्या एकाच बाजूला लावल्या होत्या. जुन्या झिजलेल्या, नव्या जड, तोल जाणारच. आता समोरासमोर लावल्यात. लचक कमी झाली, खालच्या बेअरिंगचा आवाज मात्र आहे तसाच. ग्रीस काढलं तर दुधाळ चहासारखं निघालं, म्हणजे सीलमधून पाणी आत जातंय. सीलवरचा नंबर पुसलाय. पुढच्या रविवारी माप घ्यायला व्हर्नियर घेऊन जातोय.