भरल्या माणसाची बाजू

मशीद बंदरला हॉटेलच्या डिझाइनचं काम घेतलंय म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. तिथं माणसं हळद-मिरची घ्यायला जातात, राहायला कोण जातं? पण मालकांना आजोबांच्या किराणा गोदामाचं २२ खोल्यांचं हॉटेल करायचं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी फोनमधले फोटो दाखवले. ग्रामोफोन, वेताच्या खुर्च्या, शिकारी टोपी, भिंतभर साहेब-मडमांचे तपकिरी फोटो. म्हणाले, "अगदी वॉटसन्ससारखं झालं पाहिजे."

वॉटसन्स म्हणजे काळा घोड्याचं जुनं हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पाहिली, ती तिथंच. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, बोटीनं आणला आणि इथं जोडला. म्हणजे बांधलं तेव्हा ते शहरातलं सगळ्यात नवं दिसत असणार. जुनाट दिसायची हौस त्याला नव्हती, ती आपल्याला. मी मालकांना म्हटलं, तुमच्या गोदामात साहेब कशाला येईल? आले ते हमाल. मालकांनी चहा मागवला.

माझे आबा माथाडी. १९६९चा कायदा झाल्यावर मंडळात नाव लागलेल्या सुरुवातीच्या लोकांपैकी. साताऱ्याहून आले आणि याच भागात टोळीत लागले. बांधकाम सुरू व्हायच्या आधी मी त्यांना साइटवर घेऊन गेले; खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला. त्यांनी माझ्या ड्रॉइंगकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिन्याशी थांबले. सागवानी पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या, पण खळगा मधोमध नव्हता, भिंतीच्या बाजूला होता. चार महिने मी त्या जिन्यावरून चढ-उतार करत होते, मापंसुद्धा घेतली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"भरला माणूस भिंतीकडनं चढतो," आबा म्हणाले. "पाठीवर शंभर किलो असलं की तोल गेला तर टेकायला भिंत लागते. रिकामा कठड्याकडनं उतरतो." मग भिंतीवर खांद्याच्या उंचीला हात फिरवून दाखवला. तिथला चुना तेलकट, काळपट, गुळगुळीत झाला होता. मी तो डाग काढायचा म्हणून यादीत लिहिला होता.

त्या दिवशी यादी बदलली. डाग राहिला. गाळ्यांच्या दारांवर रंगवलेले मराठी आकडे राहिले. खोली १०१ वगैरे नाही, गाळा ७. बाकी भिंतींवर आधीच्या कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता, त्यामुळे ओल आत कोंडून क्षारांचा लोणा फुटला होता. तो सगळा खरवडून पुन्हा चुना केला. यात दोन पावसाळे आणि मालकांचा निम्मा संयम गेला. न्हाणीघरांना सिमेंटच्या नक्षीदार लाद्या, १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्स कंपनीच्या घराण्यातल्या. त्या भट्टीत जात नाहीत. रंगीत थर दाबून, पाण्यात मुरवून पक्क्या होतात. रंग काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून चालून चालून नक्षी लगेच पुसत नाही. कुजलेल्या चार तुळयांसाठी ओशिवऱ्याच्या जुन्या लाकूडबाजारात तीन शनिवार घालवले.

जिन्यावरून मात्र भांडण झालं. मालकांना इटालियन मार्बल हवं होतं. सुतारमिस्त्री म्हणाले, फळ्या उलट्या घालू, खालची बाजू कोरी आहे. जुने सुतार असंच करतात, आणि चूक काहीच नाही. खळगा पाहायला छान, पण रात्री दोन बॅगा घेऊन चढणाऱ्या पाहुण्याचा पाय मुरगळला तर तो इतिहास ऐकून घेणार नाही. मी खालच्या सहा पायऱ्या तशाच ठेवल्या, खालून आधार देऊन, वर पिवळा दिवा लावून. बाकी फळ्या उलटल्या. ग्रामोफोनही आला, रिसेप्शनवर बसलाय. तिथं मी हरले.

उलटलेल्या फळ्यांची झिजलेली बाजू आता खाली आहे. जिन्याखाली चादरी-टॉवेलची खोली काढली आहे, हाऊसकीपिंगची मुलं तिथंच कपडे बदलतात. मान वर केली की ओळीनं सगळे खळगे दिसतात, सगळे भिंतीच्या बाजूचे.